गोदाम दिसतंय का

३ डिसेंबर

ताई,

त्या दिवशी सकाळी मी साडेचारला उठलो. गार पाण्यानं अंघोळ केली, देवापुढे हात जोडले, रोजचं नाम घेतलं आणि सायकल काढली. फाटकाशी पहारेकरी म्हणाला, "आज तुम्ही दिसतच नाही, नुसती घंटी येतेय." मी हसलो. ऑफिसात पोचल्यावर आधी खिडकी उघडली, मग रात्रपाळीच्या माणसाकडून वही ताब्यात घेतली. तो जांभया देत म्हणाला, "धुकं तुमच्या नावावर करून जातो," आणि गेला.

हे सगळं मला इतकं लख्ख आठवतं की काल काय जेवलो ते आठवत नाही.

माझं काम तुला मी कधी नीट समजावून सांगितलं नाही. तू लोकांना सांगतेस, माझा धाकटा भाऊ विमानतळावर ढग मोजतो. ते अगदीच खोटं नाही. वारा, हवेचा दाब, ढग, आणि धुकं असलं की किती लांबचं दिसतंय, हे दर अर्ध्या तासानं बघून वर टॉवरला कळवायचं. टॉवर ते विमानाला सांगतो. लांबचं मोजायला आमच्याकडे यंत्र नाही. मोठ्या विमानतळांवर असतं. आमच्या गच्चीच्या कठड्यावर पांढऱ्या रंगात खुणा लिहिल्यात. पाण्याची टाकी, आठशे मीटर. धान्याचं गोदाम, दीड हजार. टेकडीवरचा मनोरा, तीन हजार. जी खूण दिसते तो आकडा लिहायचा. दीड हजाराच्या खाली आकडा गेला तर विमानानं उतरायला सुरुवातच करायची नाही, शेजारच्या शहरात जायचं, असा नियम आहे. म्हणून धुक्याच्या दिवसांत टॉवरवरचा नियंत्रक नमस्कारसुद्धा करत नाही. फोन उचलला की विचारतो, "गोदामवाले, गोदाम दिसतंय का?"

त्या दिवशी साडेसहाला दिसलं. फिकट, पण दिसलं. सातच्या नोंदीसाठी पुन्हा वर गेलो, बघितलं, खाली येऊन दीड हजार लिहिलं. सात बाराला ते झालं.

अपघाताचा अहवाल आला त्या दिवशी तू मला एवढंच विचारलंस, "तू तिथं होतास. माझ्या पोराची चूक होती का?" मी म्हणालो, "अहवालात आहे तेच." तू उठून आत गेलीस. त्याला दीड वर्ष झालं. तू माझ्याशी बोलत नाहीस यात तुझी काही चूक नाही. मलाही त्या उत्तराशी बोलता येत नाही.

एवढंच लिहायचं होतं.

तुझा भाऊ


१९ डिसेंबर

ताई,

उत्तराची वाट बघत नाही, तरी पोस्टमन आला की उठतो.

तुझ्या शेजारणीनं बाजारात तुला ऐकवलं ते मला कळलं. "त्या पोरानं सगळ्यांना मारलं." असं म्हणणाऱ्या बाईनं अहवाल वाचलेला नसणार. मी तो सहा वेळा वाचलाय. प्रत सोबत पाठवतोय. शेवटची चार पानं मी काढून ठेवलीत, ती तुला नकोत. त्यात नुसती आकडेमोड आहे.

अहवालात कारणं दिलीत ती मी माझ्या भाषेत सांगतो.

धावपट्टीकडे कोणत्या उतारानं यायचं ते विमानाला दाखवणारं एक यंत्र असतं. आमचं यंत्र तीन आठवड्यांपासून दुरुस्तीला उघडलेलं होतं. म्हणजे विमान एका ठरावीक उंचीपर्यंत अंदाजानं खाली येणार, तिथून वैमानिकांनी डोळ्यांनी धावपट्टी शोधायची, नाही दिसली तर परत वर जायचं. धावपट्टीच्या अलीकडचे दिवे निम्मे बंद होते. कॅप्टनांची ती सलग चौथी पहाटेची पाळी होती. विमान चालवत होते कॅप्टन, आणि बाहेर बघून सांगायचं काम सहवैमानिकाचं, म्हणजे आपल्या टिल्लूचं होतं.

धावपट्टीच्या दोन किलोमीटर अलीकडे जो माळ आहे त्यावर कोंबड्यांची शेड आहे. थंडीत पहाटे कोंबड्यांसाठी तिथं दिवे लावतात, दोन सरळ रांगांत. टिल्लूला ते दिवे दिसले. तो म्हणाला, "दिवे दिसले, समोरच." कॅप्टनांनी विमान खाली घेतलं.

चौकशी आयोगानं लिहिलं की सहवैमानिकानं दिव्यांची खात्री न करता सूचना दिली. त्यानं परत वर जायला सांगायला हवं होतं. एकोणचाळीस माणसं गेली त्याला मुख्य कारण हे. बाकीचं सगळं 'साहाय्यक कारणं' या मथळ्याखाली आहे. यंत्र, दिवे, कॅप्टनांची झोप. धुक्याबद्दल एक ओळ आहे, की सात ते सात बाराच्या दरम्यान ते अनपेक्षितपणे दाट झालं.

मला चौकशीत फार विचारलं नाही. मोठे साहेब चष्मा पुसत म्हणाले, "सात वाजता गोदाम दिसत होतं?" मी म्हणालो, "हो साहेब." ते म्हणाले, "तुम्ही त्याचे मामा ना. बसा, पाणी घ्या." बस, एवढंच. ज्याचा भाचा गेलाय त्याला आणखी काय विचारायचं, असं त्यांना वाटलं असणार. भला माणूस.

तो सहा फूट उंच झाला तरी आपण त्याला टिल्लूच म्हणत राहिलो. विमान कंपनीच्या मुलाखतीला जाताना त्यानं मला दम दिला होता, "मामा, तिथं माझ्या साहेबांसमोर टिल्लू म्हणालास तर मी तुला ओळखणार नाही." पहिल्यांदा तो आमच्या विमानतळावर उतरला तेव्हा तो शिडीवर असताना मी मुद्दाम लांबून 'टिल्लू' म्हणून ओरडलो. त्यानं टोपी काढून मला सलाम केला, आणि त्याच्या मागचे कॅप्टन पोट धरून हसले.

नाम घेताना हल्ली मधेच थांबतो. कुठं होतो ते विसरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

तुझा भाऊ


८ जानेवारी

ताई,

आज भावजी ऑफिसात आले होते. तुला सांगून आले की न सांगता, ते मी विचारलं नाही. तुला सांगून आले नसतील तर त्यांच्यावर चिडू नकोस.

ते आत येऊन खुर्चीत बसले आणि बराच वेळ भिंतीवरच्या वाऱ्याच्या तक्त्याकडे बघत राहिले. मी चहा मागवला. त्यांनी बशीत ओतला, प्यायले नाहीत.

मग म्हणाले, "तुझी पत्रं वाचते ती."

मी म्हणालो, "बोलत नाही पण."

"तुझ्यावर रागावलीय असं वाटतं तुला?"

"रागावणारच."

भावजी म्हणाले, "शहाणा आहेस. पन्नाशीला आलास तरी बहीण कळली नाही. ती फोनला हात लावत नाही रे. दोन वर्षं झाली. वाजत असला तरी हात लावत नाही. मी घरी नसलो तर वाजून वाजून बंद पडतो. मला वाटायचं, वाईट बातमी फोनवर आली म्हणून. पण बातमी फोनवर आलीच नव्हती, ती तर तिथं विमानतळावरच बसली होती. परवा मी जरा आवाज चढवला, म्हटलं, काय आहे ते एकदा सांगून टाक. तर म्हणाली, 'मीच भावाला फोन करून विचारलं होतं, विमान उतरेल ना म्हणून. त्यानं माझ्यासाठी उतरवलं.'"

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला. टेबलावर ठेवला की जमिनीवर, ते आठवत नाही.

भावजी म्हणाले, "असं होतं का रे? तुमच्या खात्यात असं कोणासाठी कोणाला उतरवता येतं का? तू तिला सांग, असं होत नसतं म्हणून. तुझं ऐकेल ती."

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. बस आली, ते चढले, आणि खिडकीतून म्हणाले, "लिही हां."

उद्या लिहितो.

तुझा भाऊ


९ जानेवारी

ताई,

हे पत्र भावजी घरात असताना उघड. एकटी असशील तर ठेवून दे, ते आल्यावर वाच.

मी तुझ्याशी आणि आयोगाशी खोटं बोललो. सात वाजता गोदाम दिसलं नव्हतं.

आता झालं ते पहिल्यापासून सांगतो, काही न गाळता.

पाच चाळीसला तुझा फोन आला. तू म्हणालीस, "इकडे धुकं आहे रे. टिल्लूचं विमान उतरेल ना? नाहीतर मी उगाच बस धरायची. अर्धा तास थांबतं विमान, तेवढ्यात त्याला मुलीचा फोटो दाखवायचाय. फोनवर लग्नाचा विषय काढला की त्याला लगेच कोणीतरी हाक मारतं." मी हसून म्हणालो, "ये तू. मी आहे ना."

'मी आहे ना' हे शब्द माझे आहेत. तू मागितले नव्हतेस.

साडेसहाला गोदाम खरंच दिसलं होतं. सातला दहा मिनिटं कमी असताना मी पुन्हा गच्चीवर गेलो. टाकी दिसत होती. तिच्या पलीकडे दुधात बुडवल्यासारखं सगळं पांढरं होतं. खाली बघितलं तर बसथांब्याकडून तू येत होतीस, हातात ती निळी पिशवी, खूप घाईत. तू वर बघितलं नाहीस. मी पुन्हा समोर बघितलं. आणि तुला खरं सांगतो ताई, मला गोदामाच्या छपराची रेघ दिसली.

बावीस वर्षं मी ते छप्पर बघत आलोय. कुठून सुरू होतं, कुठं मोडतं, कुठल्या टोकाला पत्रा वाकलाय, मला डोळे मिटूनही सांगता येईल. तेच तर झालं. मी डोळे मिटूनच बघितलं.

शाळेत गुरुजींनी एकदा अंगणात बसवून समोरची विहीर काढायला सांगितली होती, आठवतं? मी विहिरीत पाणी काढलं, निळं. गुरुजी म्हणाले, "तुला इथून पाणी दिसतंय?" मी म्हणालो, "आहे ना गुरुजी त्यात." ते म्हणाले, "आहे ते मलाही माहीत आहे. दिसतंय का?" वर्ग हसला, तू सगळ्यात जास्त हसलीस, आणि घरी जाऊन आईला सांगितलंस. मी मोठा झालो, सरकारी नोकरी लागली, बघण्याचाच पगार घेऊ लागलो, आणि त्या सकाळी पुन्हा विहिरीत पाणी काढलं.

आणखी एक आहे. टाकी आणि गोदाम यांच्यामध्ये सातशे मीटरची जागा आहे, तिथं एकही खूण नाही. टाकी दिसते पण गोदाम दिसत नाही अशा सकाळी खरं तर आठशेच लिहायचं. पण आमच्या खोलीत वहिवाट अशी होती, की टाकी स्वच्छ असली तर आकडा जरा वरच्या बाजूला ढकलायचा. मला माझ्या आधीच्या माणसानं शिकवलं, त्याला त्याच्या आधीच्यानं. वरचे साहेब म्हणायचे, "उगाच विमानं परत पाठवू नका, प्रवाशांच्या शिव्या मला खाव्या लागतात." तसा आदेश कुणी लिहून दिला नव्हता, आणि आपण खोटं लिहितोय असंही कुणाला वाटत नव्हतं. विमानं उतरायची, वैमानिक वर येऊन चहा प्यायचे. दर वेळी सगळं नीट झालं म्हणून आम्ही ते बरोबर मानलं.

मी माझ्या कच्च्या वहीत पेन्सिलीनं आधी एक हजार लिहिलं. मधलाच काहीतरी आकडा, मनाची समजूत. मग खोडलं आणि दीड हजार केलं. नियंत्रकाचा फोन आला, "गोदामवाले?" मी म्हणालो, "दिसतंय." सात वाजून दोन मिनिटं झाली होती. त्यानंतरही दहा मिनिटं होती माझ्या हातात. पुन्हा गच्चीवर जाऊन बघायला हवं होतं, धुकं वाढलं तर लगेच कळवायचं असतं. मी गेलो नाही. जाऊन काय दिसेल ते मला माहीत होतं, म्हणून गेलो नाही. आवाज ऐकून वर धावलो तेव्हा टाकीसुद्धा नव्हती.

आता ती चार पानं. त्यात आकडेमोड नाही. विमानात जे बोलणं झालं ते शब्दशः आहे. सात वाजून सहा मिनिटांनी कॅप्टन म्हणतात, "दीड हजार म्हणे. तुला पटतं?" टिल्लू म्हणतो, "मामा आहे ड्यूटीवर. तो सांगतो म्हणजे आहे." कॅप्टन हसतात. "मग चला, तुझ्या मामाच्या भरवशावर."

दीड हजार दिसतंय असं ज्याला सांगितलंय, त्याला धावपट्टी जिथं दिसायला हवी तिथं दिवे दिसले तर तो त्यांना धावपट्टीचेच दिवे समजणार. मी त्याला काय बघायचं ते आधीच सांगून ठेवलं होतं. त्यानं ते बघितलं. मी आठशे लिहिलं असतं तर तो त्या माळावर आलाच नसता. शेजारच्या शहरात उतरून मला फोन केला असता, "मामा, आईला सांग फोटो पोस्टानं पाठव."

बंद यंत्र, बंद दिवे, कॅप्टनांची झोप हेही खरंच आहे. पण त्यातलं काहीही माझ्या हातात नव्हतं. आकडा माझ्या हातात होता.

तू विचारलंस ते कुठलीही आई विचारते. मी बस अड्ड्यावर तिकिटं देत असतो तर तू बस वेळेवर आहे का म्हणून विचारलं असतंस. तुझ्या प्रश्नानं विमान उतरलं नाही. माझ्या उत्तरानं उतरलं, आणि ते उत्तर मी तुझ्या प्रश्नाआड दोन वर्षं लपवलं. मला माहीत नव्हतं की तू तो दोष स्वतःवर घेऊन बसलीयस. माहीत नव्हतं हेही खरं नसेल. बघितलं नाही.

देवाला मी सगळं सांगत आलोय, रोज. त्याला सांगणं सोपं आहे. तो अहवाल दुरुस्त करून मागत नाही.

तुझा भाऊ


२ फेब्रुवारी

ताई,

काल मी राजधानीत जाऊन आलो. जायला एक रात्र, यायला एक रात्र. डब्यात समोर बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कामाला की कार्याला?" मी म्हणालो, "जबाब द्यायला." तो जरा सरकून बसला.

आयोगाचं ऑफिस आता दुसऱ्या मजल्यावर गेलंय. तेच साहेब आहेत, केस पांढरे झालेत. त्यांनी मला ओळखलं, उठून उभे राहिले, म्हणाले, "बहीण कशी आहे तुमची?" मी म्हणालो, "त्यासाठीच आलोय." आणि पेन्सिलीची ती वही त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी पान खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. खोडलेलं एक हजार अजून वाचता येतं. मग म्हणाले, "हे तुम्ही तेव्हा का नाही दाखवलंत?"

मी म्हणालो, "तुम्ही मला पाणी दिलंत, साहेब."

ते खुर्चीत बसले. मला वाटलं त्यांना राग येईल. त्यांना राग आला असेलही, पण तो माझ्यावर नसावा. म्हणाले, "नोकरी जाईल. कदाचित खटलाही होईल. हे माहीत आहे ना?"

"आहे."

"आणि अहवाल बदलेलच असं मी सांगू शकत नाही. दिवे ओळखण्यात चूक झाली, ती झालीच."

"झालीच. पण ती पहिली नव्हती, तेवढं लिहून घ्या."

त्यांनी लेखनिकाला बोलावलं. बाई समोर बसून टाइप करू लागल्या, साहेब एकेक प्रश्न विचारत गेले. गच्चीवर किती वाजता गेलात, काय दिसलं, काय दिसलं नाही, वहिवाट कधीपासून, वरिष्ठांना माहीत होतं का. शेवटी विचारलं, "आकडा वाढवण्यासाठी कुणाचा दबाव होता?"

मी म्हणालो, "नाही."

"कुणाचा फोन, विनंती?"

मला तुझी ती निळी पिशवी दिसली. बाईंची बोटं थांबली होती. मी म्हणालो, "पाच चाळीसला माझ्या बहिणीनं विमान उतरेल का असं विचारलं. मुलाला भेटायचं होतं तिला. उतरेल असं मी सांगितलं. त्याला दबाव म्हणत नाहीत, साहेब. तसं नोंदवू नका."

साहेब म्हणाले, "जसं सांगितलंत तसंच नोंदवतो."

तसंच नोंदवलंय. मी दोनदा वाचलं. तुझ्या प्रश्नाला जबाबात एक वाक्य आहे आणि माझ्या उत्तराला साडेतीन पानं.

आज सकाळी परत आल्यावर ऑफिसात गेलो, किल्ल्या दिल्या. वरच्या साहेबांना आधीच फोन गेला होता, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नियंत्रक मात्र खाली आला. "गोदामवाले," एवढंच म्हणाला. मी त्याला सांगितलं, टाकी आणि गोदामाच्या मध्ये हजार मीटरवर एक खांब रोवून घ्या, पत्र मी लिहून ठेवलंय. तो म्हणाला, बघतो.

संध्याकाळी मी तुझ्याकडे येईन. फोन करणार नाही, दार वाजवीन. नको वाटलं तर उघडू नकोस, मी पायरीवर थोडा वेळ बसेन आणि परत जाईन. हे पत्र फाटकाशी भेटलेल्या तुमच्या दूधवाल्याबरोबर पुढं पाठवतोय, म्हणजे मी यायच्या आत तुझ्या हातात असेल.

जबाबाची प्रत सोबत जोडली आहे. त्यात टिल्लूचं पूर्ण नाव आहे, आणि पुढे लिहिलंय की त्याला चुकीची माहिती देण्यात आली होती. कुणी दिली ते खालच्या ओळीत आहे. त्या ओळीखाली काल दुपारी मी सही केली.

तुझा भाऊ